बोराटीवाला

एकदा एका विख्यात वैद्याच्या शिष्याचे अध्ययन पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी विद्वानांच्या सभेत नाव आणि कुळ सांगून त्याला दीक्षा घ्यायची होती. विद्येची त्याला धास्ती नव्हती. घाम फुटला होता तो कुळाच्या नावाने. त्याच्या घराण्याला सारा गाव ‘बोराटीवाले’ म्हणे. बोराटी म्हणजे माळावरचे रानटी, काटेरी झुडूप, ना सावली ना शोभा. शहरातले सहाध्यायी त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करीत.

“गुरुजी, उद्यासाठी मला दुसरे नाव द्या,” तो म्हणाला.

वृद्ध वैद्य हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी अंगणातल्या चंदनाच्या रोपाकडे बोट केले. तीन वर्षे जिवापाड जपलेले रोप होते ते. “त्याभोवतीचे बोराटीचे कुंपण काढून टाक.”

शिष्य चक्रावला, पण आज्ञा ती आज्ञा. त्याने काठीने काटेरी फांद्या ओढून दूर टाकल्या. घटकाभरात शेळ्यांना सुगावा लागला. एकीला हाकलावे तर दुसरी घुसे. दुपारपर्यंत तो रोपापुढे हात पसरून उभा होता. ओरडून घसा बसला. अखेर न विचारताच त्याने फांद्या परत आणल्या आणि हातांनीच एकमेकींत अडकवल्या, बुंधे आत, काटे बाहेर. शेळ्या मुकाट्याने निघून गेल्या.

“बुंधे आत ठेवायला कोणी शिकवले?” गुरुजींनी विचारले.

“आजोबांनी. काटे आत वळले तर वाऱ्याने रोपालाच टोचतात, असे म्हणायचे. गावात कोणीही झाड लावले की कुंपण घालायला त्यांनाच बोलावणे येई. आमची सगळी आमराई त्यांनी राखली.” सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली.

गुरुजी हसले. “कोवळे रोप ज्याच्यावर निर्धास्त सोपवावे, त्याला तुझ्या गावाने हे नाव दिले. वैद्याकडे तरी लोक दुसरे काय सोपवतात? नाव चांगलेच आहे, बाळा. तू त्याचे काटे आत वळवलेस, म्हणून तुला टोचले.”

दुसऱ्या दिवशी सभेत प्रश्न आला, “कुळ कोणते?”

“बोराटीवाले.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. शिष्याने वळूनही पाहिले नाही. ओरखड्यांनी भरलेले दोन्ही हात त्याने दीक्षेसाठी पुढे केले.