काचेवरचे बोट

एका गावात एक आई होती, आणि तिची झोप एका माशाने उडवली होती.

शर्वरी तिचे नाव. शिकलेली बाई. लहान मुलांच्या मानसशास्त्राचा अभ्यासक्रम तिने प्रथम श्रेणीत पूर्ण केला होता, त्यामुळे काळजी करायला तिला विषय कधी कमी पडत नसे. मुलीचे वजन, मुलीचे दात, मुलीचे कमी बोलणे, हे तर रोजचेच. आता त्यात लाडूची भर पडली होती.

लाडू हा घरातल्या फिशटँकमधला गोल्डफिश. गोल पोट, बाहेर आलेले मोठाले डोळे आणि परकरासारखी घोळदार शेपटी. त्याच टाकीत दुसरा होता रॉकेट. तो सडपातळ आणि भलताच चपळ. नावे रेणूने ठेवलेली. रेणू शर्वरीची मुलगी, सहा वर्षांची. बोलायची थोडे, बघायची फार.

गेल्या दीड-दोन महिन्यांत लाडूचे गोल पोट खपाटीला गेले होते. तो तळाशी खड्यांवर टेकून राहायचा. आपल्या हातून एक मासासुद्धा धड वाढत नाही, मग मुलीचे काय होणार, या विचाराने शर्वरी कूस बदलत राहायची.

हे कुठून सुरू झाले, ते तिला आठवत नव्हते. सुरू झाले होते एका साध्या सकाळी. तिने चिमूटभर दाणे टाकीत टाकले आणि पाहिले, तर रेणू डाव्या कोपऱ्यात काचेला बोट लावून उभी. शर्वरीने कुठेतरी वाचले होते की काचेला हात लावला की मासे घाबरतात.

"अगं, काय हे? मुक्या जिवाला असा त्रास देतात का?"

"त्रास नाही. आई, लाडूला ना..."

"लाडू-बिडू काही नाही. हात मागे घे आधी. तू जेवताना कुणी तुझ्या तोंडासमोर असं बोट नाचवलं तर चालेल का तुला?"

रेणूने हात मागे घेतला. शर्वरीने वहीचा कागद फाडला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'काचेला हात लावू नये', आणि तो टाकीवर चिकटवला. खाली एक हसरा चेहराही काढला. मुलांना नियम प्रेमाने सांगावेत, असे अभ्यासक्रमात होते.

दुसऱ्या दिवसापासून दाणे टाकायच्या वेळी रेणू समोरच्या दिवाणावर बसू लागली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शर्वरीने नवऱ्याला कौतुकाने दाखवले.

"बघ. एकदाच सांगितलं."

"मी तर सात वर्षं असाच बसतोय," नवरा म्हणाला. "माझं कुणी कौतुक केलं नाही."

मग लाडू वाळू लागला. शर्वरीने दाणे वाढवले. पाणी गढूळ झाले. तिने पाणी बदलले, मीठ घातले, निळे औषध थेंब मोजून टाकले. रॉकेट चांगला तुकतुकीत झाला. लाडूचे डोळे तेवढे मोठे राहिले, बाकीचा तो आटत गेला. शेवटी ती मोबाइलवर त्याचे चित्रण घेऊन माशांच्या दुकानात गेली. दुकानदार बशीरचाचांनी ते एकदाच पाहिले.

"ताई, औषध बंद करा. हा आजारी नाही. उपाशी आहे."

"उपाशी? अहो चाचा, सकाळ-संध्याकाळ दाणे घालते मी! उलट जास्तच घालते."

"तुम्ही घालता हो. खातो कोण, ते बघितलंत?"

तिने बघितले नव्हते. दाणे पाण्यात पडले की तिची नजर घड्याळाकडे जायची. डबा, शाळेची रिक्षा, ऑफिस.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा टाकीसमोर स्टूल घेऊन बसली. दाणे पडले. ते नीट भिजायच्या आत रॉकेट वर आला आणि त्याने इकडून तिकडे सगळे पाणी पुसून काढले. लाडू शेपटी सावरत, डगमगत निम्म्या वाटेवर आला तोवर खायला काही उरले नव्हते. तो तसाच मागे फिरला. मागे फिरायची सवय झाल्यासारखा.

शर्वरीने स्वयंपाकघरातून चाळणी आणली. रॉकेटला चाळणीत अडकवायचे आणि लाडूला जेवू घालायचे, असा तिचा बेत. ती चाळणी उजवीकडे नेई, रॉकेट डावीकडे पळे. बाहीपर्यंत हात भिजला. घाबरून लाडू खड्यांच्या आड जाऊन बसला.

"त्याला पकडावं नाही लागत," दिवाणावरून आवाज आला.

"मग काय करू? तूच सांग आता!" शर्वरी वैतागून म्हणाली.

रेणू उठून टाकीपाशी आली. तिने चिकटवलेल्या कागदाकडे पाहिले, मग आईकडे.

"लावू?"

शर्वरीने होकारार्थी मान हलवली. रेणूने डाव्या कोपऱ्यात काचेला बोट टेकवले. रॉकेट सुसाट आला आणि बोटासमोर तोंड उघडत-मिटत थांबला. रेणूने बोट तसूभर खाली नेले. तोही खाली गेला.

"त्याला वाटतं, बोटच खाऊ आहे," रेणू म्हणाली. "तू दाणे टाकायचीस ना, तेव्हा मी त्याला इकडे धरून ठेवायची. लाडूला उशीर लागतो. त्याचं झालं की सोडायची. मग उरलेलं रॉकेटचं."

शर्वरीच्या हातातली चाळणी ठिबकत राहिली.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तू म्हणालीस, लाडू-बिडू काही नाही."

शर्वरीने दोन दाणे पाण्यात भिजवले आणि अलगद लाडूच्या पुढ्यात सोडले. ते त्याच्या तोंडाशी येऊन पडले. रेणूने बोट हलू दिले नाही. तिचा हात भरून आला, तेव्हा तिने दुसरा हात लावला. दाणे तसेच राहिले. लाडूला आता तोंड उघडायचेही सुचत नव्हते. दुसऱ्या दिवशीही त्या दोघींनी तसेच केले. तिसऱ्या दिवशी सकाळी लाडू पाण्यावर आडवा तरंगत होता.

कढीपत्त्याच्या कुंडीत त्यांनी त्याला पुरले. रेणू रडली नाही. अभ्यासक्रमात अशा वेळी काय करावे ते होते, पण शर्वरीला त्यातले एकही वाक्य आठवेना. ती आत गेली आणि टाकीवरचा कागद नखाने खरवडून काढू लागली. हसरा चेहरा शेवटपर्यंत निघेना.

संध्याकाळी दाण्यांची वेळ झाली. रॉकेट काचेपाशी येऊन नाचू लागला. रेणू दिवाणावर बसली होती, हात मांड्यांखाली.

"रेणू, ये ना," शर्वरी म्हणाली. "चुकलं माझं. लाव बोट. मी आता कधीच नाही म्हणणार."

रेणू जागची हलली नाही. टाकीकडे बघत ती म्हणाली, "आता कशाला, आई? आता खाणारा एकच आहे."

तात्पर्य: मुलाला 'नको' म्हणण्याआधी 'काय करतो आहेस?' एवढे विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत थांबावे.