बाभळीखालचा काळा रस

अरे ऐक ना, बाभळीच्या राज्यात आत्ता काय झालं ते.

तिथे राहतात सगळे सुगरण पक्षी. पद्धत अशी की नराने गवताच्या पात्यांनी अर्धं घरटं विणायचं, मग मादीने येऊन लटकून, ओढून बघायचं. पसंत पडलं तर अंडी, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नापास होऊन होऊन तिथले नर जाम पक्के विणकर झालेले.

मग बाभळीच्या मुळाशी काळा, चिकट रस वर आला. नदीपलीकडच्या बगळ्यांमध्ये तेव्हा पांढऱ्या पिसांवर काळे पट्टे ओढायची फॅशन होती. द्रोणभर रसाला ते एक तयार घरटं देऊ लागले. काटक्यांचं, ओबडधोबड, पण आयतं.

झालं, विणणं बंद. म्हातारे गाठेकाका तेवढे रोज पहिली गाठ शिकवायला बसायचे. पोरं म्हणायची, "काका, तेवढ्या वेळात द्रोण भरा ना." शेवटी काकाही चोचीने रस भरायला लागले.

आता आपला दोरबा. त्याच्या मादीची, फिरकीची, अंडी चार दिवसांवर, आणि याने बगळ्याकडे दुमजली घरटं सांगून ठेवलेलं. आज सकाळी बगळा रिकाम्या चोचीने आला.

"आमच्याकडे आता पांढरंच चालतं. घरट्याला चाळीस द्रोण पडतील."

राजा म्हणाला, "मग जास्त रस काढा." सगळ्यांनी काढला. दुपारी बगळा म्हणाला, "आता ऐंशी."

दोरबा धावत गाठेकाकांकडे. "काका, ती पहिली गाठ, पटकन."

काकांना गाठ आठवत होती रे, पण चोच रसाने घट्ट चिकटलेली. "म्म्म," काका म्हणाले. मग पंखाने हवेत एक गोल काढला. दोरबाने मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

शेवटी त्याने गवताची पाती रसात बुडवली आणि फांदीला चिकटवून दिली. लांबून घरटं एकदम झकास.

फिरकी आली. आत शिरली, लटकली, ओढून बघितलं. घरटं तुटलं नाही. नुसतं लांबायला लागलं. हळूहळू, काळ्या तारेसारखं, सरळ खालच्या रसाच्या डबक्याकडे.

आतून फिरकीने शांतपणे विचारलं, "दोरबा, हे खाली जातंय का?"

तू दोरबाच्या जागी असतास तर काय सांगितलं असतंस?