गुळव्या आणि पंचाची शिट्टी

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. बाजार एकच, सोयरिकी इकडच्या तिकडे. पण माघात नदी आटली, की दोन्ही गावं वाळवंटात चेंडूचा खेळ मांडायची. चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी लोळवायचं, आणि पल्याडच्या रेघेवर चेंडू टेकला की डाव जिंकला.

खेळ संपल्यावर हरलेल्या गावानं पंचाला मातीची ढेकळं मारायची, असा रिवाज होता. त्याला सगळे गंमत म्हणत. सगळे म्हणजे, पंच सोडून.

पंच होते एक म्हातारे शिंपी. आणि त्यांच्यावर सर्वांत मोठ्यानं ओरडायचा तो अल्याडच्या गावचा, गूळ करणारा गुळव्या. "सुईत दोरा ओवता, मग एवढी रेघ दिसत नाही?" असं म्हणून तो सगळ्यांना हसवायचा. गुऱ्हाळात मात्र त्याचा शब्द शेवटचा. उकळत्या रसाकडे बघून तो "उतरवा" म्हणाला, की गडी काहील उचलत. का, म्हणून कुणी विचारत नसे.

एका वर्षी ढेकळात दगड निघाला आणि शिंप्यांची भुवई फुटली. त्यांनी शिट्टी धुतली, पारावर ठेवली आणि ते घरी गेले.

पुढच्या माघात पंच मिळेना. कुणाची कंबर धरली, कुणाला नेमकं पाहुण्यांकडे जायचं होतं. खेळ बंद पडणार म्हटल्यावर गुळव्याला राहवेना, कारण त्याचा धाकटा भाऊ वर्षभर याच दिवसासाठी घाम गाळत होता. "त्यात काय एवढं," म्हणत त्यानं शिट्टी उचलली.

शेवटच्या डावात भाऊच चेंडू घेऊन सुटला. रेघेपाशी वीस जण त्याच्यावर कोसळले, धुरळा उडाला. चेंडू वीतभर अलीकडेच अडकलेला गुळव्यानं पाहिला होता. सारं गाव त्याच्याकडे बघत होतं, भाऊही.

"नाही टेकला," गुळव्या म्हणाला.

गाव हरलं. पहिलं ढेकूळ आलं ते त्याच्याच गुऱ्हाळात जाळ घालणाऱ्या गड्याकडून. "डोळं गुळानं चिकटल्यात काय?" गडी ओरडला, आणि लोक पोट धरून हसले.

गुळव्या तसाच मातीनं माखलेला शिंप्यांच्या दारात गेला. त्यांनी न विचारता तांब्या पुढे केला.

"तात्या, चुकलो मी. वीस वर्सं कसं सोसलंसा?"

"सोसलं कुठं? दर साली म्हनायचो, आता बास," शिंपी म्हणाले. "मग वाटायचं, मी न्हाई गेलो तर पोरं खेळायची कशी?"

गुळव्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळात त्यानं त्या गड्याला काहिलीपाशी उभं केलं. आज कधी उतरवायचं ते तूच सांग, म्हणाला. सगळ्यांच्या नजरा गड्यावर खिळल्या. आत्ता म्हणावं की अजून थोडं थांबावं, यातच तो घुटमळत राहिला. गूळ करपला. गड्याला जे कळायचं ते कळलं.

पुढच्या माघात गुळव्याच्या विनवणीवरून शिंपी पुन्हा मधोमध उभे राहिले. एका रेघेवर गुळव्या, दुसऱ्या रेघेवर शिकाऊ पंच म्हणून तोच गडी. अल्याडचं गाव पुन्हा हरलं. गुळव्याचा भाऊ हात मागे लपवून पंचांकडे निघाला, तेव्हा शिंप्यांनी सवयीनं भुवईवर हात धरला.

भावानं त्यांचा हात हळूच खाली घेतला आणि त्यावर नव्या गुळाचा खडा ठेवला.

तात्पर्य: खेळ हवा असेल, तर आपल्याविरुद्ध निकाल देणाऱ्यालाही मान द्यावा; तो घरी बसला, तर सगळ्यांनाच घरी बसावं लागतं.