दारावरची बाही

ती बाही ना? हात नका लावू. आणि किंमत तर विचारूच नका. मागं एका पाहुण्यानं विचारली, त्याला मी चहासुद्धा दिला नाही. आमच्या या शिंपी आळीत दुकान कुणाचंही असो, दारावर जरीच्या चोळीची एक बाही टांगलेली असतेच. एकच.

माझ्या पणजोबांच्याही आधी इथं भागूबाई पोरे म्हणून शिंपीण होती. तेव्हा माप दिल्यावर चोळीसाठी पंधरा-पंधरा दिवस वाट बघावी लागे. भागूबाईनं लेकीच्या, ठकूच्या लग्नासाठी अंजिरी रंगाची जरीची चोळी शिवली आणि दारात टांगली. संस्थानच्या राणीसाहेबांचा मेणा तिथून चालला होता म्हणे. त्यांनी चोळी मागितली, घातली, जणू त्यांच्याच मापाची. तशाच वाड्यावर गेल्या! आत यायचं आणि नवं लेऊनच बाहेर पडायचं, असं दुकान या मुलखात तेव्हापासून सुरू झालं. सरदारांच्या बायकांची रीघ लागली.

भागूबाईचं नाव झालं, पण ठकूसाठी शिवलेली प्रत्येक चोळी कुणीतरी उचलायचं. "घरचीच आहेस, तुला काय, उद्या शिवते," असं आई म्हणायची. पोरगी हसायची, "आई गं, माझं माप सगळा गाव ल्यायला, मीच तेवढी राहिले." लग्नातही बिचारी जुन्याच चोळीत उभी राहिली.

ते भागूबाईच्या जिव्हारी लागलं. तिनं पुन्हा अंजिरी चोळी शिवली आणि कुणी मागू नये म्हणून मुद्दाम एक बाही लावलीच नाही. ठकू माहेरी आली की लावू, म्हणाली.

ठकू आली ती गाठीच्या तापानं फणफणत. "आता तरी लाव ना गं बाही," म्हणाली. भागूबाई सुई घेऊन बसली, पण दोरा काही केल्या ओवला जाईना. शेवटी ओवला, तोवर पोर गेली होती, असं सांगतात. एका बाहीच्या चोळीतच तिला नेली. उरलेली बाही आईनं दारावर टांगली आणि पुढं मरेपर्यंत प्रत्येक हंगामात पहिली चोळी लेकीच्याच मापाची कापली.

आजही आमच्याकडं मधल्या मापाला ठकूचं माप म्हणतात. लांबलांबच्या बायका येतात, "ठकूची दाखवा" म्हणतात, आरशात बघून खूश होतात. आम्ही देतो बांधून. फक्त हंगामाची पहिली चोळी विकत नाही. ती आधी घरच्या लेकीला घालतो, दोन्ही बाह्या लावून, मगच दुकान उघडतो.