साळूबाईने न मोजलेली पाने

गुंजांच्या वेलींनी गच्च भरलेल्या एका दरीच्या तोंडाशी, जंगलाच्या अगदी टोकाला, एक साळू राहत असे. मुलांनो, गुंज तुम्ही पाहिली असेल. लालभडक बी आणि त्यावर एक काळा ठिपका. ती विषारी, म्हणून कोणी खात नाही. टणक, म्हणून वर्षानुवर्षे टिकते. त्या जंगलातला बाजार याच गुंजांवर चाले. एक गुंज दिली की दहा कंद मिळत. कंद उदंड निघाले की साळू दरीतून थोड्या गुंजा बाहेर सोडी. कंद कमी आले की दरी बंद. तिच्या काट्यांपुढे कोणाचे काही चालत नसे.

त्या वर्षी मात्र विपरीत घडले. कंद नेहमीइतकेच निघाले होते, साळूने एकही नवी गुंज सोडली नव्हती, तरी भाव चढतच गेले. गुंजेला दहाचे आठ कंद झाले, मग सहा, मग पाच. बाजारातच सशिणीने तिला गाठले. "उन्हाळ्यासाठी पाच गुंजा साठवल्यात मी, साळूबाई. पन्नास कंद यायचे त्यांचे, आता पंचवीसच येतील. घरात चार पिल्लं आहेत. त्यातल्या कोणत्या दोघांना उपाशी ठेवू, सांगा!"

तेवढ्यात कोल्हा ओरडला, "ती काय सांगणार? चोरून गुंजा सोडत असेल. कुंपणच शेत खातंय इथं!" गलका वाढला, तसा राजा बिबट्या उठला. "साळू, पुढच्या बाजारी भाव का चढले ते सांग. नाही सांगितलंस, तर दरी सगळ्यांना मोकळी. ज्याला हव्यात त्याने ओरबाडून न्याव्यात!" प्राण्यांनी आनंदाने आरोळी ठोकली. दरी मोकळी झाली तर एका कंदाला पसाभर गुंजा मोजाव्या लागतील, आणि सशिणीच्या पाच गुंजांना कोणी हुंगणारही नाही, हे साळूला स्पष्ट दिसत होते.

हातात सात दिवस होते. साळू बिळाबिळांतून, ढोलीढोलींतून गुंजा मोजत फिरली. चारशे भरल्या. तिने आजवर सोडल्या होत्या तेवढ्याच. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग भाव चढले कशाने? सहाव्या दिवशी ती सशिणीच्या बिळात शिरली, तर तिथे गुंजाच नव्हत्या.

"त्या मुंगुसाकडे ठेवल्यात," सशीण म्हणाली. "घरात चोरीची भीती. त्याने त्याबद्दल ही पाच पानं दिलीत." पाने पळसाची होती आणि प्रत्येकाच्या कडेला मुंगुसाच्या दाताची खूण होती. "बाजारात गुंजेऐवजी पानही चालतं की!"

साळू तशीच कोल्ह्याकडे धावली. त्याच्याकडे दहा पाने होती. "तू कधी गुंजा ठेवल्यास रे मुंगुसाकडे?"

"ठेवायला आधी असाव्या लागतात, बाई!" कोल्हा हसला. "उसनी आणलीत. दहा घ्यायची, अकरा फेडायची. अर्धं जंगल आणतंय, तुम्हालाच पत्ता नाही."

त्या दिवशी साळूने पाने मोजली. पाचशे! मुंगुसाच्या बिळात गुंजा होत्या फक्त शंभर. उरलेल्या तीनशे गुंजा लोकांच्या हातात. म्हणजे बाजारात गुंजा आणि पाने मिळून आठशे फिरत होती आणि ती चारशेच समजून बसली होती. तेवढ्याच कंदांमागे दुप्पट गुंजा-पाने धावली, तर भाव दुप्पट होणार नाहीत तर काय!

बाजाराच्या दिवशी तिने सगळे उघड सांगितले. "चूक माझी. मी फक्त गुंजा मोजत राहिले, पानं मोजलीच नाहीत."

मग सशिणीचा आवाज आला, "म्हणजे... पानं पाचशे, आणि मुंगुसाकडे गुंजा शंभरच?"

पुढच्या क्षणी सगळा बाजार मुंगुसाच्या बिळाकडे धावत सुटला. मुंगूस कोपऱ्यात दबला. "फाडू का याला?" बिबट्याने पंजा उगारला.

"त्याला फाडलंत, महाराज, तर सशिणीच्या गुंजा कोण देईल?" साळू बिळाच्या तोंडाशी काटे फुलवून उभी राहिली. "रांग लावा! जो पान देईल त्याला गुंज मिळेल. याच्याकडच्या संपल्या, तर दरीतून मी देईन. पण आलेलं प्रत्येक पान इथंच फाडणार."

"आता बरी सोडते गुंजा!" कोल्हा फिस्कारला.

"एक पान जाऊन एक गुंज आली, तर बाजारात भर कुठं पडली? आणि मुंगूसदादा, आजपासून दर दोन पानांमागे एक गुंज माझ्याकडे ठेवायची. तेवढ्या साठेपर्यंत नवं पान काढायचं नाही."

"मग आम्हाला उसनं कोण देणार?" कोल्ह्याने विचारले.

"काही दिवस कोणीच नाही. अडेल बऱ्याच जणांचं. मलाही ते आवडत नाही."

रांगेत पहिली सशीण होती. साळूने तिच्यापुढे पाच लाल गुंजा मांडल्या. सशिणीने त्या नाकाने ढकलून पाहिल्या, पुन्हा पानांकडे पाहिले. "मिळतायत ना? मग राहू देत इथंच. घरी चोरीची भीती." ती रांगेतून बाहेर पडली. मागचे दोघे घुटमळले, तेही निघाले. रांग विरत गेली.

"आणि भाव?" बिबट्याने विचारले.

"आज उतरणार नाहीत, महाराज. उसनवारी फिटून पानं फाटतील तसतसे उतरतील." बिबट्या दरीचे नावही न काढता निघून गेला.

उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा गुंजेला नऊ कंद मिळू लागले होते. दहा नाही, नऊच. सशिणीला पंचेचाळीस कंद मिळाले आणि चारही पिल्लांनी उन्हाळा काढला. जे पाच कंद कमी पडले, तेवढे त्यांची आई जेवली नाही.

तात्पर्य : आपल्या हातून किती सुटले एवढेच मोजून भागत नाही, लोकांच्या हाती किती फिरते तेही मोजावे, कारण मोजणाऱ्याच्या चुकीची किंमत दुबळ्यालाच चुकवावी लागते.