रेवतीचे चार शब्द

एकदा एका तालुक्याच्या गावी भांड्यांचा एक व्यापारी राहत असे. त्याचे नाव यशवंत. भांड्याला नुसती टिचकी मारून, आवाजावरून धातूचा कस सांगण्यात त्याचा हातखंडा होता. त्याला एकच मुलगी. रेवती बारा वर्षांची, सातवीत शिकणारी. या मुलीचे आठवडाभर जेवणात लक्ष लागेना. शाळेची वेळ झाली की तिचे पोट दुखे, आणि मोबाइल वाजला की ती दचके. आईने दृष्ट काढली, डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले, पण फरक पडला नाही. शेवटी यशवंताने सारा दोष मोबाइलला देऊन टाकला. तो तिच्या हातून काढून घेतला, खिशात घातला आणि शुक्रवारी दुपारी आपल्या जुन्या गुरुजींचे घर गाठले.

गुरुजींचे वय ऐंशीच्या घरातले. त्यांनी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवले होते. निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली, तरी गावातली माणसे अडचण घेऊन त्यांच्याकडेच येत.

"गुरुजी, हा मोबाइल तुमच्याजवळ ठेवा," यशवंत म्हणाला. "आणि पोरीला बोलावून जरा खडसवा. तुमचं ती ऐकेल."

गुरुजींनी मोबाइलला हात लावला नाही. "तिला काय झालंय? काही बोलली का ती?"

"कुठे बोलते? तोंडाला कुलूप."

"काहीच नाही? आठवून बघ."

यशवंताने बराच वेळ आठवले. "गेल्या आठवड्यात दुकानात आली होती. मी टेम्पोतून माल उतरवून घेत होतो. म्हणाली, बाबा, एकाची रिक्वेस्ट आली होती, मी घेतली. पण ते प्रोफाइल खोटं आहे वाटतं. तो सारखा डीएम करतो. स्क्रीनशॉट आहेत म्हणतो."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बरं, बघू. घरी जाऊन अभ्यासाला बस."

"तिच्या बोलण्याचा अर्थ काय, यशवंता?"

यशवंत म्हणाला, "मुलांचं आपापसांत काहीतरी चालतं, गुरुजी. कुठला तरी खेळ असेल."

गुरुजींनी चष्मा लावला, एका कागदावर रेवतीच्या बोलण्यातले न कळलेले चार शब्द लिहून घेतले आणि म्हणाले, "रेवतीला आत्ताच घेऊन ये. मोबाइल तिचा तिच्या हातात दे आणि मग आण."

यशवंताला हे काही पटले नाही. पण गुरुजींपुढे नाही म्हणण्याची त्याची लहानपणापासून छाती नव्हती. तो मुलीला घेऊन आला. पाहतो तर गुरुजींनी आपली खुर्ची रिकामी करून जमिनीवर सतरंजी अंथरली होती आणि स्वतः कागद-पेन्सिल घेऊन खाली बसले होते.

"ये बाळ. तू वर खुर्चीवर बस," ते म्हणाले. "मला चार शब्द अडलेत. आज तू शिकवायचं, आम्ही शिकायचं. यशवंता, तू इथे माझ्या शेजारी बस."

गुडघे दुमडून खाली बसताना यशवंताच्या मनात आले, गुरुजींचे आता वय झाले. आपण पोरीला रागे भरायला आणले, आणि हे तिला आपल्या डोक्यावर बसवताहेत.

रेवतीने आधी बापाकडे पाहिले, मग गुरुजींच्या कागदाकडे. कागदावर वळणदार अक्षरात 'रिक्वेस्ट' असे लिहिले होते.

"म्हणजे... कुणीतरी विचारतं, मला मित्र करून घेशील का," ती हळूच म्हणाली. "आपण हो म्हटलं की त्याला आपले फोटो दिसतात."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही दिसत. मी हो म्हटलं होतं. आमच्या वर्गातल्या सायलीनं त्याला घेतलेलं दिसलं, म्हणून."

गुरुजींनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. "आणि हे प्रोफाइल?"

"आपण कोण ते आपणच लिहितो तिथे. नाव, फोटो, शाळा."

"खरं लिहिलंय की खोटं, हे कोण तपासतं?"

"कुणीच नाही," रेवती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला. "त्यानं आठवीत आहे असं लिहिलंय. पण तो बोलतो मोठ्या माणसासारखा."

यशवंताची पाठ ताठ झाली. तो काही बोलणार तोच गुरुजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढच्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

डीएम म्हणजे दोघांतच होणारे बोलणे, तिसऱ्याला न दिसणारे, असे रेवतीने सांगितले. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर जे दिसते त्याचा फोटो. आपण लिहिलेले नंतर पुसले तरी दुसऱ्याने काढलेला फोटो त्याच्याजवळ राहतो. एवढे सांगून ती थांबली आणि फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

"त्याच्याजवळ कशाचा आहे, बाळ?" गुरुजींनी विचारले.

"मी सायलीबद्दल वाईट लिहिलं होतं. ती परीक्षेत कॉपी करते असं. तो म्हणतो, हे सगळ्या वर्गाला पाठवीन. नाहीतर शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी स्टँडच्या मागे ये. एकटी ये."

शनिवार म्हणजे उद्याच.

यशवंताने उठून तिच्या हातातला मोबाइल हिसकावला. "पुसून टाकतो सगळं. आत्ताच्या आत्ता."

"बाबा, पुसू नका," रेवती म्हणाली. "मग आपल्याकडे दाखवायला काही उरणार नाही. त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आपणही काढू शकतो. मग त्याला ब्लॉक करायचं. म्हणजे त्याचं आपल्यापर्यंत काहीच येत नाही. मला येतं ते. पण मग तो सगळ्यांना पाठवेल, म्हणून मी केलं नाही."

यशवंत पुन्हा सतरंजीवर बसला. "इतके दिवस मला सांगितलं का नाहीस गं?"

उत्तर गुरुजींनी दिले.

"तिनं सांगितलं होतं, यशवंता. भर दुकानात येऊन, स्वतःहून सांगितलं होतं. तुझ्या कानांवर आलं, पण तुला कळलं नाही. त्यात दोष नाही, मलाही कळलं नसतं. दोष हा, की कळलं नाही असं तू तिला म्हणाला नाहीस. लेकीपुढे अडाणी दिसायची तुला लाज वाटली. तिला वाटलं, बाबांना समजलं आणि तरी त्यांनी अभ्यासाला बस म्हटलं. मग तिनं दुसऱ्यांदा कशाला सांगावं? मी काही जादू केली नाही. एका शब्दाचा अर्थ विचारला, नंतर दुसऱ्याचा विचारला, एवढंच. ज्या भाषेत मूल संकट सांगणार, ती भाषा आईबापानं शिकून ठेवावी. येत नसेल तर त्याच्या पायाशी बसून शिकावी."

यशवंताने मोबाइल रेवतीच्या हाती परत दिला आणि म्हणाला, "काढ फोटो. कसे काढतेस ते मलाही दाखव."

तिने एकेक निरोप उघडून त्याचे चित्र घेतले. ती दाखवील तिथे तोही बोट ठेवून पाहत होता. ते आटोपल्यावर तिने त्या माणसाला ब्लॉक केले. निघताना गुरुजी तिला म्हणाले, "सायलीला तूच आधी सांग. तुझ्या तोंडून कळलं की त्याच्या हातात धमकीला काही राहणार नाही." रेवती वाटेतच सायलीच्या घरी गेली. सायली रुसली, थोडी रडलीही. मग म्हणाली, त्यानं मलाही बोलावलंय, पुढच्या शनिवारी.

पुढे तपासात तो आठवीतला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला चाळिशीचा गृहस्थ निघाला. पण ते पुष्कळ नंतर.

त्या संध्याकाळी बापलेक पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागच्या हवालदाराने कागद पुढे ओढला आणि रेवतीला विचारले, "हं, काय झालं नेमकं?"

रेवतीने खुर्चीची कड घट्ट धरली. तिला शब्द सापडेना.

"मी सांगतो," यशवंत म्हणाला. "हिला एक रिक्वेस्ट आली. प्रोफाइल खोटं होतं."

आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, शब्दासाठी एकदाही मुलीकडे न पाहता, सारे सांगितले. हवालदार डीएमपाशी अडला, तेव्हा त्याचा अर्थही त्यानेच समजावून दिला. रेवतीने खुर्चीची कड सोडली आणि ती मागे टेकून बसली.