न विचारता दिलेल्या उत्तराची कहाणी

ऐका बायांनो, प्रभूला विचारण्याच्या नेमाची कहाणी. डोंगराच्या कुशीत आटपाट गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळी होती, मंडळीत रिबेकाबाई होती. तिनं नेम घेतला होता. कुणी मोठ्या गोष्टीचं विचारायला आलं की आधी प्रभूपुढं बसावं, मन निवू द्यावं, मगच तोंड उघडावं. नेम फळला. बायका लांबलांबून येत. रिबेकाबाईचा शब्द म्हणजे प्रभूचा शब्द, असं गाव म्हणू लागलं. तिलाही ते गोड लागलं.

त्याच गावात सालोमी नावाची तरुण विधवा होती. कुणाची शिवण करी, कुणाचं धान्य निवडी, एकटी राही. शेजारच्या गावी आमोस मास्तर होता, शाळेत सुतारकाम शिकवी. त्यानं पाळकसाहेबांकरवी तिला मागणी घातली. सालोमी हरखली, तितकीच भ्याली. मग ती रिबेकाबाईकडे आली. म्हणाली, "बाई, माझ्यासाठी प्रभूला विचाराल का?" "विचारते हो," रिबेकाबाई म्हणाली. नाताळ तोंडावर आला होता. ती करंज्यांना बसली, विचारायचं राहिलं.

सालोमी पुन्हा आली. "बाई, काही कळलं का?" "विचारते हो." मग मंडळीच्या देवळाला चुना द्यायचा होता. रिबेकाबाई तिकडं गेली, विचारायचं राहिलं.

सालोमी तिसऱ्यांदा आली. "बाई, मास्तर उत्तराला थांबलेत. प्रभू काय म्हणाला?" अंगणात चार बायका बसलेल्या. आता 'विसरले' कसं म्हणावं? रिबेकाबाईला लाज वाटली. त्या लाजेपायी ती बोलून गेली, "नको म्हणतो गं प्रभू."

सालोमीनं मान खाली घातली. "त्याची इच्छा," म्हणाली, आणि गेली. आमोस मास्तराला नकार गेला. त्यानं थोडी वाट पाहिली, मग दुसरीकडे लग्न केलं.

मग काय झालं? रिबेकाबाई प्रार्थनेला बसे, शब्द फुटेना. गाणं धरी, आवाज चिरके. बायका विचारायला येत, ती डोकं दुखण्याचं निमित्त सांगे. देवळात सालोमी पुढं बसे. तिचे केस पांढरे होऊ लागले, ते रिबेकाबाईला मागून दिसत. सांगायला म्हणून ती सालोमीच्या दारापर्यंत जाई, कडीला हात लावी, परत फिरे. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा कडी वाजवली.

सालोमी शिवायला बसली होती. "या बाई, बसा."

"बसत नाही. सालोमी, तुझ्या लग्नाचं मी प्रभूला विचारलंच नव्हतं."

शिवणयंत्र थांबलं. "मग तो 'नको' म्हणाला नव्हता?"

"नव्हता गं. मीच म्हणाले. चारचौघींत विसरले म्हणवेना, म्हणून."

सालोमीनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझं मन हो म्हणत होतं. मला वाटलं, मनच माझं पापी. देवाला माझं बरं झालेलं बघवत नाही, असं वाटायचं. इतकी वर्षं मी त्याच्यावर रुसून होते, बाई. तोंडानं गाणी म्हणायची, आत रुसलेली." आणि ती हमसून रडली. रिबेकाबाईनं पाठीवर ठेवायला हात उचलला, पण तिची छाती झाली नाही. सालोमी म्हणाली, "आता जा तुम्ही." रिबेकाबाई गेली.

रविवारी उपासना झाल्यावर रिबेकाबाई सगळ्यांसमोर उभी राहिली, सगळं बोलली. कुणी पुसलं नाही, कुणी धीर दिला नाही. तेव्हापासून ती मागं, दाराजवळ बसू लागली. कुणी आलीच, तर म्हणे, "मला ठाऊक नाही. चल, दोघी मिळून बसू. उत्तर आलं तर तुला येईल. नाही आलं तर 'आलं नाही' म्हणू."

मग एक दिवस सालोमीला दूरच्या गावाहून बोलावणं आलं. मुलींच्या वसतिगृहाला सांभाळणारी बाई हवी होती. सालोमी रिबेकाबाईकडे आली. म्हणाली, "मी जायचं म्हणते. या खेपेला माझं मीच विचारलं."

"काय म्ह..." रिबेकाबाई अर्ध्यात थांबली. "मी नाही पुसत. तो हक्क मी घालवला."

"सांगते ना. शब्द काही ऐकू आला नाही. पण बसले होते, तेव्हा तो माझ्याजवळ आहे असं वाटलं. उठावंसंच वाटेना." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला माफ केलं, असं अजून म्हणवत नाही, बाई. तसं मन रोज त्याच्याकडे मागते."

"माग," रिबेकाबाई म्हणाली. "मी थांबेन."

प्रभू सालोमीजवळ बसला, तसा तुम्हा-आम्हाजवळ बसो. त्याच्या नावानं आपला शब्द आपल्या तोंडून न निघो, आणि निघालाच, तर कडी वाजवायचं बळ तो देवो. लांबलेली ही कहाणी थोडक्यात सांगितली, ती ऐकणारीला फळो. आमेन.